होडीत पायताण नको
होडीला लावलेल्या डांबराचा वास आला, की मला महापुरातली ती दुपार आठवते. आमच्या बोट क्लबात मी वल्ह्यापेक्षा तोंड जास्त चालवणारा. त्या दिवशी सांगलीतल्या बुडालेल्या गल्लीतून आम्ही शर्यतीच्या होडीत माणसं काढत होतो. एक म्हातारा आत बसला. मागून त्याची बायको घराच्या कठड्यावरून होडीत पाय टाकणार, तोच मी सवयीनं ओरडलो, "आवं मावशी, चप्पल काढा, शर्यतीची होडी हाय!" आमच्यात होडी म्हणजे देव. "व्हय बाबा, चुकलं," म्हणत ती होडीची कड धरून चप्पल काढायला वाकली, तेवढ्यात धारेनं होडीला हिसका बसला आणि ती पाण्यात गेली. पुन्हा वर आलीच नाही. म्हातारा काठापर्यंत नुसता माझ्याकडं बघत राहिला. आता कुणी विचारतं, "पुरात किती माणसं वाचवलीस रं?" मी "लय, गड्या," म्हणतो आणि वल्ही पुसायला लागतो.