सरळ गेलेलं कासव

मालवणजवळच्या शाळेत संगणकावर नक्षी शिकवणाऱ्या बाई मला एकदाच भेटल्या. पडद्यावरचं कासव आज्ञेप्रमाणे चालतं, वळतं आणि मागे रेघ सोडतं. त्या दिवशी वर्ग तपासायला आलेल्या, हार घातलेल्या पाहुण्यांना त्या रेघांचं फूल दिसलं नाही, तर वर्ग बंद होणार होता.

एका मुलीने कासव सरळच पाठवलं. ते पडद्याबाहेर गेलं.

"वळव गो तेका!" ओढणीचं टोक पिळत बाई कुजबुजल्या.

"दर्याक जाता ता. कासवाच्या पिल्लांका अडवूचा नाय, किनाऱ्यार तुमीच सांगितल्यात ना?"

पाहुणे खूश झाले. "सरळ रेघ! हीच आपल्या तालुक्याची दिशा!"

वर्ग वाचला. त्या एकुलत्या रेघेकडे बघत बाईंनी मला विचारलं, "आता हिला वळायला शिकवू की नको?"