हिरड्याची शाई

प्रभावतीबाईंना लहानपणापासून एक खोड होती. कुठलीही वस्तू हातात आली की ती आतून कशी असेल, हा किडा त्यांच्या डोक्यात वळवळायला लागायचा. त्यामुळे पूर्णेतल्या त्यांच्या घरात एकही घड्याळ धड चालत नव्हतं आणि रेडिओ तर केव्हाच स्वर्गवासी झाला होता. शाळेत मास्तरीण होत्या तोवर ही खोड पोरांच्या कामी यायची. बेडूक, चुंबक, गांडूळ, काही विचारू नका. निवृत्त झाल्यावर मात्र तिचा सगळा भार माधवरावांवर पडला. माधवराव म्हणजे त्यांचे यजमान, रेल्वेत तिकीट खिडकीवर जन्म गेलेला शांत माणूस. आपल्या चष्म्याची दांडी कशी निखळली, हेसुद्धा त्यांनी कधी मोठ्या आवाजात विचारलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात बाईंना मोबाइलवर एक परदेशी बाई दिसली. ती टेबलाशी बसून शुभेच्छापत्रं करत होती. रबरी ठसा शाईवर टेकवायची, कागदावर दाबायची, साच्याने फूल कापायची, ते चिकटवायची. भाषा काडीची कळत नव्हती, पण बाई तो व्हिडिओ जेवण विसरून बघत राहिल्या. ठसा कशाचा? शाई पसरत कशी नाही? कागद इतका नाजूक कापला कसा जातो?

"विकत मिळत असेल की ते सगळं," माधवराव म्हणाले.

"विकत आणलं तर कळणार कसं?" बाईंनी उलट विचारलं, आणि माधवरावांनी ओळखलं की आता आपली धडगत नाही.

पहिला बळी गेला माधवरावांच्या जुन्या स्लिपरचा. तिच्या तळव्याचा तुकडा कापून बाईंनी त्यावर ब्लेडने 'दिवाळी' कोरलं, स्टँप पॅडवर टेकवलं आणि कागदावर दाबलं. उमटली ती उलटी दिवाळी. आरशात धरल्याशिवाय वाचता येईना. बाई स्वतःवरच खूप हसल्या. मग आरसा समोर ठेवून उलटी अक्षरं कोरायला बसल्या, तेव्हा त्यांना एक गंमत सापडली. 'दि'ची पहिली वेलांटी ठशावर दुसरी होऊन बसते आणि 'ळी'ची दुसरी तिथे पहिली होते. जन्मभर ज्या ऱ्हस्व-दीर्घापायी पोरांच्या वह्या लाल केल्या, तेच इथे उलटे काढल्याशिवाय सुलटे उमटत नव्हते. हा शोध सांगायला त्या थेट न्हाणीघराच्या दारापर्यंत गेल्या. माधवरावांनी आतूनच "हो का?" म्हटलं.

साच्यांसाठी त्यांनी बन्सीधरला गाठलं. बन्सीधर बाजारात पत्र्याचे डबे आणि चाळण्या करायचा. पत्र्याची पट्टी वाकवून त्याने पोपट, कैरी, पणती असे साचे करून दिले. पण साचा कागदावर दाबायचा कशाने? हाताने जोर पुरेना, वरवंट्याने साचाच चेपला. दोन दिवस बाई घरभर काहीतरी शोधत फिरत होत्या, आणि अखेर त्यांची नजर फडताळातल्या पापडाच्या यंत्रावर गेली. खाली पुठ्ठा, वर कागद, त्यावर साचा, आणि दांडा दाबला की कच्चकन आवाज. पोपट अखंड सुटून आला. त्या वर्षी पापड हातानेच लाटावे लागले, हे वेगळं सांगायला नको.

खरी झिंग चढली ती शाईची. बाजारची निळी-जांभळी शाई त्यांना बेचव वाटायची. पळसाची वाळलेली फुलं उकळून त्यांनी केशरी रंग काढला. हळदीत चुन्याची निवळी टाकली की ती लाल होते, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. पण ती नेमकी कधी लाल होते, किती चुन्याला किती लाल होते, हे बघत त्यांनी एक आख्खी दुपार काढली. आणि एकदा हिरड्याच्या काढ्यात गंजके खिळे टाकून ठेवले, तर सकाळी वाटीत काळीभोर शाई तयार! पिवळसर पाणी, तांबूस गंज, आणि दोन्ही मिळून काळं. हे काळं आलं कुठून? बाई वाटी उजेडात धरून कितीतरी वेळ बघत बसल्या. त्यात जरासा डिंक घातला, घोंगडीचा तुकडा साबणाच्या डबीत बसवून त्यावर शाई ओतली आणि ठसा मारला. अक्षर असं टचटचीत उमटलं की त्यांना एकदम शाळेतला नवा फळा आठवला.

हे सगळं चाललं होतं ते हौसेपोटी, असं शेजारपाजारच्यांना वाटायचं. ते अर्धंच खरं होतं. त्यांना एक कार्ड करायचं होतं आणि ते जमेल असा हात बसायची त्या वाट बघत होत्या. कार्ड जायचं होतं पेडगावला, दत्तरावांना.

दत्तराव हे बाईंचे थोरले भाऊ. आई लवकर गेली तेव्हा या भावानेच बहिणीची वेणी घातली होती, वाकडीतिकडी का होईना. शेतकरी माणूस, बोलायला फटकळ, पण बहिणीवर जीव. मग त्यांच्या लेकीचं लग्न निघालं. पत्रिका छापून आली आणि दादांनी मोठ्या हौसेने पहिली बहिणीच्या हातात दिली. व्याही मंडळी समोर बसलेली. बाईंनी पत्रिका वाचता वाचता पर्समधून लाल पेन काढलं आणि सवयीने चुकांना गोल करत गेल्या. 'आशिर्वाद', 'शुभविवहा', 'किर्ती'. हाताला वळणच ते. वर मान करून हसत म्हणाल्या, "दादा, नापास!" व्याही हसले. दादा हसले नाहीत. लग्न लागलं, बाई जेवून परत आल्या, आणि त्या दिवाळीला भाऊबीजेचं ताट तसंच वाळलं. पुढच्याही दिवाळीला वाळलं. फोनवर बोलणं आधी तुटक झालं, मग बंदच पडलं. मधल्या काळात बाईंचा नंबर बदलला. ज्याच्याशी बोलणंच नाही त्याला नवा नंबर कोण कळवणार?

फोन उचलून "दादा, ये" म्हणणं किती सोपं होतं! पण हे शब्द बाईंच्या तोंडी यायचे नाहीत. कागदावर मात्र येतील असं वाटायचं.

दसरा झाला आणि त्या कार्डाला बसल्या. जाड हातकागद घडी घालून घेतला आणि आत पिवळा कागद चिकटवला. वर पोपट आणि पणती. शाई कुठली? हळदीची लाल सुंदर होती, पण दादाला पुन्हा लाल अक्षर दाखवायचं? छे! त्यांनी ती डबी झाकून दूर सरकवली आणि हिरड्याची काळी घेतली. आपल्या हातची सगळ्यात देखणी शाई होती ती. पत्तासुद्धा त्यांनी पेनने लिहिला नाही. एकेका अक्षराचा ठसा मारत पाकिटावर 'दत्तराव, पेडगाव' उमटवलं आणि मागे नुसतं 'पूर्णा'. आत लिहिलं, 'आदरणीय दादा, यंदा भाऊबीजेस आपण उभयतांनी अवश्य यावे, ही नम्र विनंती.' चारदा वाचलं. शुद्ध होतं. कोरडं होतं, पण शुद्ध होतं.

शेवटी एक कलाकुसर राहिली. त्या परदेशी बाईच्या कार्डाची कड मुद्दाम फाडलेली असायची, म्हणजे आतला रंगीत कागद जरासा डोकावतो. बाईंना ते फार आवडलेलं. त्यांनी कार्डाच्या वरच्या पानाचा एक कोपरा अलगद फाडला. तंतू सुटले, आतला पिवळा रंग दिसला. झकास! त्यांनी पाकीट चिकटवलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

दोन-तीन दिवसांनी माधवराव टेबलावर चष्मा शोधत होते. त्यांच्या हाताला नमुन्याचं कार्ड लागलं, तसंच काळ्या अक्षरांचं, तशाच फाडलेल्या कोपऱ्याचं. ते एकदम उभेच राहिले.

"अगं, कोण गेलं?"

"कुठं?"

"हे कार्ड. कोपरा फाटलाय. काळी शाई."

बाईंच्या हातातला ठसा खाली पडला. माहीत नव्हतं का त्यांना? पक्कं माहीत होतं. लहानपणी पेडगावला पोस्टमनने कोपरा फाटलेलं कार्ड आणलं की बायका वाचायच्या आधीच गळा काढायच्या. मयताचं पत्र. ते घरात ठेवायचंसुद्धा नाही. मावशी गेल्याचं कार्ड आलं तेव्हा दादानेच ते घरात न आणता दारच्या लिंबाखाली ठेवलं होतं. इतकं सगळं डोक्यात असून व्हिडिओतल्या बाईच्या नादाने ते कसं पुसलं गेलं, हे त्यांना कळेना, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या 'कसं'चं उत्तर शोधायला त्यांना सवड नव्हती.

"मी दादाला तेच पाठवलंय," त्या म्हणाल्या.

"आता? ऐन सणाच्या तोंडावर?" माधवरावही घाबरले. "फोन लाव आधी."

दादांचा जुना नंबर लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचललं नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. आधीच मन फाटलेलं, त्यात आता हे! दादा म्हणणार, पत्रिकेचं हसं केलंस ते पुरलं नाही म्हणून दिवाळीला मयताचं कार्ड धाडलंस. आता जन्मात तोंड बघणार नाही तो. बाईंनी पायात चपला सरकवल्या.

"गाडी आहे का पेडगावला?"

"मिळेल. चल," माधवराव म्हणाले. गाड्यांच्या बाबतीत ते एकदम मोठे व्हायचे.

स्टेशनावर आले तेव्हा परभणीकडून एक पॅसेंजर फलाटाला लागत होती. उतरणाऱ्या गर्दीत बाईंना एक ओळखीची चाल दिसली. डोक्यावर टोपी नाही, मान खाली, धोतराचा सोगा हातात. मागे तोंडाला पदर लावलेल्या दैवशाला वहिनी, काखेत कापडी पिशवी. दोघं त्यांच्या अगदी जवळून निघाले होते.

"दादा!"

दत्तरावांनी मान वर केली. आधी बहिणीकडे पाहिलं, मग शेजारी उभ्या माधवरावांकडे, मग पुन्हा बहिणीकडे. आणि ते तिथेच फलाटावर मटकन खाली बसले.

"दोघंबी हायेत गं," ते बायकोला म्हणाले, "दोघंबी हायेत," आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

लोक थांबून बघायला लागले. माधवरावांनी कुठूनसं पाणी आणलं. पाणी पोटात गेल्यावर दादांचा मूळ स्वभाव जागेवर आला.

"कोपरा कुणी फाडला त्या कार्डाचा?"

"मीच," बाई म्हणाल्या. "तशी फ्याशन हाय सध्या." भावासमोर त्यांची पेडगावची बोली आपोआप तोंडात आली होती.

"फ्याशन? आगं, माझा जीव गेला असता की! तुझ्या नंबरला फोन लावला तर ती बाई म्हनायली, असा नंबरच न्हाई. मंग काय समजावं मानसानं? माझा फोन बी तितंच ऱ्हायला घरी, घाईत."

"पन आत काय लिहिलंय ते तरी वाचायचं."

"पाकिटामागं नुसतं पूर्णा, अन् आतनं काडलं तर कोपरा फाटल्यालं. तसल्या कागदाची घडी कोन उघडतंय? लिंबाखाली ठिवलं अन् निघालो." दादांनी उपरण्याने डोळे पुसले. "काय लिहिलं हुतं?"

बाईंना 'आदरणीय' आठवलं, 'उभयतांनी' आठवलं, 'नम्र विनंती' आठवली. त्यातलं एकही अक्षर या माणसापुढे तोंडातून निघेना.

"भाऊबीजेला ये म्हनून लिहिलं हुतं. ताट रिकामं बघवत न्हाई रे, दादा."

दादा नुसती मान हलवत राहिले. बाईंनी त्यांना उठवायला हात दिला आणि दुसऱ्या हाताने वहिनींच्या काखेतली पिशवी घेऊ लागल्या. वहिनींनी ती घट्ट धरली.

"ऱ्हाऊ द्या, वन्सं. तुमी नका बघू ते."

पण न बघणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. पिशवीचं तोंड बाजूला करून त्यांनी आत पाहिलं. हिरवीगार साडी होती, नवी, घडीसुद्धा न मोडलेली. काय आहे हे समजायला त्यांना वेळ लागला नाही. सवाष्ण गेली की तिला माहेरची हिरवी साडी नेसवतात आणि ती भावाने आणायची असते.

दादांनी तोंड फिरवलं. "इतकी वर्सं भाऊबीजेला एक चोळीखन आनला न्हाई मी," ते म्हणाले. "अन् आज साडी घिऊन निघालो, तर ही. गाडीत बसल्यापासून त्येच डोक्यात घुमायलंय, प्रभे. तू हाईस म्हनून कधी आलो न्हाई. तू गेलीस म्हनून पळत आलो."

वहिनी ती साडी परत ओढून घ्यायला लागल्या. बाईंनी सोडली नाही. पिशवीतून काढून त्यांनी ती छातीशी धरली आणि भावाच्या दंडाला धरून त्याला उभं केलं.

"मंग आता मी हाय म्हनून ऱ्हा," त्या म्हणाल्या.