वस्तादांच्या खांद्यावरचा गेम

पलूसच्या आमच्या तालमीचे वस्ताद आणि बाजारपेठेतल्या घड्याळ-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचे मालक आदरणीय दस्तगीरभाई यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, त्यांच्या गौरव अंकासाठी तूही काही लिही, असा समितीचा निरोप मला इथं तमिळनाडूत, सेलमला मिळाला. मी सातवी नापास. जुनं सोनं गाळायच्या दुकानात भट्टीपुढं काम करतो. अंकात मोठी मोठी मंडळी लिहिणार आहेत, ती वस्तादांच्या कुस्त्यांवर लिहितील आणि ते बरोबरच आहे. मी त्यांच्या गेमवर लिहितो. तो गेम तयार होताना मी तिथं होतो, आणि तो ज्या मैदानात जिंकला तिथंही होतो.

वस्तादांची आणि माझी पहिली ओळख त्यांच्या दुकानाच्या पायरीवर झाली. वडिलांनी मला दंडाला धरून तिथं नेलं होतं.

"वस्ताद, ह्येला तालमीत घ्या. शाळंत बसत न्हाई, घरात बसत न्हाई. मातीत तरी दमंल."

वस्तादांच्या डोळ्याला घड्याळाचं भिंग होतं. मान वर न करता ते म्हणाले, "बसत न्हाई तर बसवताय कशाला? हिंडू द्या की."

मग त्यांनी दुरुस्तीला आलेला एक हातातला गेम माझ्यापुढं धरला. वरून ठोकळे पडतात तो. "ह्ये धर. हिंडत हिंडत खेळ. कुटलं बटण आडतंय त्ये सांग."

मी दुकानापासून एस.टी. स्टँडपर्यंत खेळत गेलो आणि खेळत परत आलो. डावीकडचं बटण अडत होतं. वस्तादांनी ते उघडलं, पुसलं, बसवलं आणि वडिलांना म्हणाले, "पोरगं कामाचं हाय. ऱ्हाऊ द्या हितंच." आयुष्यात पहिल्यांदा माझं हिंडणं कुणाच्या तरी कामाला आलं होतं.

दुकानाच्या मागच्या खोलीत टीव्हीला जोडायचा गेमही होता. तो खेळायचा तर टीव्हीसमोर मांडी घालून बसावं लागे, आणि तेच मला जमत नसे. हातातला गेम बरोबर येई, पण त्याचं दुखणं वेगळं. मी ओरडायचो, जिंकलो. पोरं विचारायची, "बगितलं कुणी?" बटण बंद केलं की गुणांचा आकडाही जायचा. पोरं मला चिडवत, पण वस्तादांनी मात्र हे मनावर घेतलं. ते म्हणाले, "पोरं चुकीचं बोलत न्हाईत. चार मान्सांनी बगितली न्हाई ती कुस्ती न्हवं, ती मेहनत. आपल्याला असा गेम पायजे, जो मान्सासंग चालंल आनि गावाला बी दिसंल."

यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. ते कामाला लागले. बॅटरीवर चालणारा छोटा काळा-पांढरा टीव्ही त्यांच्याकडं होता. टीव्ही गेमचं पोट उघडून त्यांनी ते त्या टीव्हीच्या खाली बसवलं. त्याखाली मोटारसायकलची बॅटरी. सगळ्याला तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं घर, आणि पुढून दोन लांब वायरींवर दोन खेळाडूंची बटणं. बाजूनं एक तार बाहेर काढली, ती मोठ्या टीव्हीत खोचली की तोच खेळ दोन्हीकडं दिसे, आणि उपसली तरी डब्यातला खेळ चालूच राही. गळ्यात अडकवायला हलगीवाल्या शंकरनाना यांचा जुना पट्टा. डबा तयार झाल्यावर मी तो उचलायला गेलो आणि दोन पावलांत खाली ठेवला. वस्ताद म्हणाले, "गेम हातातलाच हाय. हात तेवडा पैलवानाचा पायजे."

वस्ताद नम्र आहेत असं कुणी या अंकात लिहिलं तर ते त्यांनाच आवडणार नाही. आपण केलेल्या गोष्टीला ते चांगलीच म्हणतात, आणि मोठ्यानं म्हणतात. डबा त्यांनी दुसऱ्याच दिवशी तालमीत नेला. नियम एकच: आधी जोर मारायचे, मग बटण.

तालमीचे अध्यक्ष तात्या यांना हे पटलं नाही. तात्या मनानं वाईट नव्हेत, पण मातीच्या बाबतीत कडक. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "वस्ताद, मातीत खेळणी आणलीसा. उद्या पोरं लंगोट टाकून बटणं दाबत बसतील. ह्यो डबा तरी ऱ्हाईल, न्हाईतर तुमी तरी."

वस्तादांच्या वडिलांनी त्याच मातीत वस्तादकी केली होती. ती सोडायला सांगणं म्हणजे काय, हे तात्यांनाही ठाऊक होतं. वस्ताद शांतपणे म्हणाले, "आवं तात्या, औंदाच्या मैदानात एक जोड माज्या डब्याची लावा. लोकं उटून गेली तर डबा बी न्हाई आनि मी बी न्हाई. बसली, तर दोगं बी ऱ्हानार."

"कबूल. मोठा टीव्ही माज्या घरचा देतो. फुटला तर मान तुमची."

मैदानाच्या दिवशी दुपारी आखाड्याच्या कडेला कापडी छताखाली तात्यांचा टीव्ही टेबलावर चढला. शेजारी डबा. पलूसकडून मी, कडेगावकडून विलास. खेळ कुस्तीचाच होता, दोन ठेंगणे पैलवान, एक निळा, एक लाल. तीन फेऱ्या, दोन जिंकेल तो विजयी. सुरुवातीला लोक हसले. मग एक म्हातारबाबा पुढं सरकले आणि पडद्याला म्हणाले, "त्यो निळा नुसता हात झाडतोय. ढाक लाव की रं." पहिली फेरी मी घेतली, दुसरी विलासनं. तोवर पुढचे लोक गुडघ्यांवर आले होते आणि मागचे ओरडत होते, आमाला काय दिसंना, बसा खाली.

तिसरी फेरी सुरू झाली आणि लाइट गेली.

मोठा टीव्ही काळा पडला. लोक धोतरं झटकत उठायला लागले. खुर्चीतून तात्यांचा आवाज आला, "झालं वस्ताद. चला, बारक्या पोरांच्या कुस्त्या लावा." पण माझा अंगठा बटणावर होता आणि डब्यातल्या छोट्या पडद्यावर माझा निळा, तिथं नुसता करडा, अजून लालच्या कमरेला धरून होता.

वस्तादांनी तार उपसली. पट्टा गळ्यात घातला, डबा उचलून पडदा बाहेरच्या बाजूला करून खांद्यावर घेतला आणि आम्हा दोघांना म्हणाले, "वायर ताणू नगासा. माज्या संग तिरकं चाला. खेळ थांबवायचा न्हाई." मग हलगीकडं वळून, "शंकरनाना, वाजीव. जोड फिरवतोय."

आमच्याकडं मोठी कुस्ती लावण्याआधी दोन्ही पैलवानांना हाताला धरून आखाड्याभोवती फिरवतात, म्हणजे शेवटच्या माणसालाही जोड दिसावी. हलगी घुमली आणि उठलेले लोक जागच्या जागी थांबले. वस्ताद फिरायला निघाले ते खुर्च्यांच्या बाजूनं नव्हे. अगदी मागं, जिथं आमच्या बौद्धवाड्यातली माणसं उभी असायची, तिथून त्यांनी सुरुवात केली. माझी आई तिथं होती. तिनं पहिल्यांदा माझा खेळ बघितला, तोही हातभर अंतरावरून. वस्तादांच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. प्रत्येक बाजूला ते थांबत, पडदा लोकांकडं फिरवत आणि पुढं जात. लोक एकेक बाजूनं खाली बसत गेले. आणि मी, ज्याला बसून काही जमत नाही, चालता चालता असा खेळत होतो जसा आधी कधी खेळलो नव्हतो.

अर्धा फेरा झाला आणि लाइट आली. वस्तादांनी डबा टेबलावर टेकवला, तार खोचली. मोठ्या टीव्हीवर तीच फेरी, तोच निळा, तोच लाल, जिथं होते तिथं झटापट करत उभे राहिले. मैदानातून जो आवाज उठला तो मी सेलमच्या भट्टीपुढंसुद्धा ऐकतो.

मी हरलो. हे छापून आलेलं बरं, कारण विलास अजून ते सांगत हिंडतो. पण उठलं कोणी नव्हतं. तात्या स्वतः फेटा घेऊन आले.

"वस्ताद, बांदू कुनाला? तुमाला का डब्याला?"

"डब्याला बांदा तात्या. माज्या डोक्याला हायच."

तात्यांनी खरंच डब्याला फेटा बांधला, आणि पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी दुकानात येऊन म्हणाले, "त्यो लाल पैलवान कसा चालवत्यात, जरा दावा."

मला सेलमची वाट दाखवली तीही वस्तादांनीच. इथले मालक त्यांच्या हाताखाली घडलेले पैलवान. निघताना स्टँडवर त्यांनी तोच ठोकळ्यांचा गेम माझ्या खिशात घातला. "भट्टीम्होरं बसावं लागतंय गड्या, तितं मी काय करू शकत न्हाई. पर हात चालू ठिव." त्याचं बटण बिघडलं की गावी जाणाऱ्याच्या हाती मी तो पाठवतो. तो दुरुस्त होऊन परत येतो, आणि बरोबर वस्तादांच्या घरच्या, म्हणजे आमच्या चाचींच्या हातचे लाडूही येतात.

वस्ताद म्हणतात, "ह्यो डबा येक दिवस पानाच्या डब्याएवडा हुईल. वाटंला लागलं की हातातला, घरी टेकवला की घरच्या टीव्हीतला. खेळ येकच." मी इथल्या बाजारात नवे हातातले गेम बघतो. रंगीत पडदे आलेत, वजन काहीच नाही. दुकानदाराला विचारतो, हा टीव्हीला जोडता येतो का? तो हसतो. हातातला वेगळा, घरातला वेगळा, असं म्हणतो. मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये त्याला सांगतो की आमच्या गावात हे होऊन गेलंय, कंपन्या पोचतील तेव्हा पोचतील. त्या हलकं करतील, सुंदर करतील. पण वस्ताद ज्या वाटेनं खांद्यावर ओझं घेऊन गेले, त्याच वाटेनं त्यांना यावं लागेल. एवढं मी भट्टीपुढं हात ठेवून सांगतो.

वस्तादांना खूप आयुष्य मिळो. त्यांचे गुडघे असेच ताठ राहोत, डोळ्याचं भिंग असंच स्वच्छ राहो, चाचींच्या हातचं त्यांना पचत राहो. तो पानाच्या डब्याएवढा गेम जगात कुठंही आला तरी तो घेऊन मी पहिल्या गाडीनं पलूसला येईन आणि त्यांच्या तळहातावर ठेवीन. ते तो तोलून बघतील आणि म्हणतील, "लय हलका झाला रं. ह्येला पैलवान कशाला लागतोय?" मग आम्ही सगळे मैदानात गोल करू. लाइट येईल, जाईल. वस्ताद, तुम्ही तेवढे मध्ये उभे राहा. आमच्यातलं कुणी उठणार नाही. मीसुद्धा.