दादाच्या बंदुकीतली काडी

ठासणीच्या बंदुका बांधण्यात माझी चाळीस वर्षं गेली, त्यातली निम्मी गिऱ्हाइकांवर खेकसण्यात. नळीवर गंज दिसला की माझं डोकंच फिरायचं. "बंदूक आहे ही, कुदळ नाही!"

थोरल्या दादाची बंदूक मीच बांधलेली. नेमबाजीच्या सामन्याआधी साफही मीच करून दिली. सामन्यात दादाने तीनदा चाप ओढला. गारगोटीची ठिणगी पडली, बाहेर भक्कन जाळ झाला, पण बार उडाला नाही. लोक हसले. मी सगळ्यांदेखत ओरडलो, "दारू ओली ठेवलीस, दादा! तुला बंदूक दिली हेच चुकलं माझं." दादा खाली मान घालून निघून गेला. त्यानंतर तो मैदानाकडे फिरकला नाही.

सहा वर्षांनी, काल, वहिनी ती बंदूक घेऊन आली. "आतला बार तसाच आहे, भाऊजी. तेवढा काढून द्या."

दारू बाहेर काढली, तर कोरडी ठणठणीत. मग नळीच्या बुडाशी असलेलं बारीक भोक तपासलं. ठिणगी तिथूनच आत जाते. तेल देताना ते गळू नये म्हणून मी त्यात लाकडाची काडी खोचतो आणि नंतर काढतो. ती काडी मोडून आतच राहिली होती.

ती मुठीत धरून मी दादाकडे गेलो. मी तोंड उघडण्याआधी त्यानेच विचारलं, "दारू ओलीच निघाली ना रे?"

मी "हो" म्हणालो.