दादांनी जपलेलं जुनं कार्ड

गोवर्धनदादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी रामदासपेठेतल्या छापखान्यात हमाल संघटनेच्या पत्रकाचं प्रूफ तपासत होतो. त्यात मी ‘बळी’ हा शब्द तीनदा लिहिला होता. पुढे एक ओळ वाचता आली नाही...

दादा टायपिंग शिकवत. वाडीच्या गोदामांतल्या धुळीनं ज्यांची छाती गेली, त्या हमालांच्या जबान्या ते वहीत लिहून आणत आणि भाड्याच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवत. मराठी बोलणं, इंग्रजी अक्षरं. पुढे या जबान्या कामगार न्यायालयात द्यायच्या होत्या. तोवर ठेकेदाराच्या हाती नावं लागू नयेत म्हणून टाइप झालं की वहीचं पान फाडायचं, हा नियम. नियम माझा होता.

हार्ड डिस्क भरली. दादा म्हणाले, नव्या जोडणीची डिस्क, ती चालवणाऱ्या कार्डासकट, मुंबईहून मागवू, दोन महिने थांबू. मी मात्र जुन्या कार्डाच्या जागी लावायला वेगळंच कार्ड आणलं होतं. त्याला जोडली की जुन्याच डिस्कवर दीडपट मजकूर मावे. डिस्क त्यासाठी बनलेली नव्हती, एवढंच.

“काहून घाई करून राहिला गा? तिले झेपलं पाहिजे ना! तुह्या पत्रकात जागा पुरत नाही, तं शब्द कमी करतं का तू कधी?”

“हमालांनी अजून किती वाट पाहायची, दादा?” मी सभेत ओरडावं तसा ओरडलो. ते हसले आणि त्यांनी पेचकस घेतला.

जबान्या फ्लॉप्यांवर काढल्या, डिस्क पुसून नव्या कार्डाच्या मापानं आखली, जबान्या परत भरल्या. सगळं चाललं. आठवड्याभरात त्याच फ्लॉप्या पुसून मी त्यांवर माझी पत्रकं भरली. मग उन्हाळा आला, खोली तापली आणि एका दुपारी डिस्कवरची एकही जबानी उघडेना. जुनं कार्ड पुन्हा लावून पाहिलं. पण त्याला वाचता येईल असं डिस्कवर आम्हीच काही ठेवलं नव्हतं.

दादा मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलायला हवे होते. त्यांनी सायकल काढली आणि त्या उन्हात गोदामागून गोदाम पुन्हा विचारत फिरले. काही हमाल गावी गेले होते. दोघे आता जबानी देणार नव्हते. तिसऱ्या आठवड्यात दादा एका गोदामाच्या दारातच कोसळले.

परवा त्यांची खोली रिकामी करायला गेलो. टाइपरायटरच्या टेबलाच्या खणात फडक्यात गुंडाळलेलं जुनं कार्ड होतं. वर दादांच्या अक्षरात चिठ्ठी : ‘चांगलं आहे. टाकू नये.’

कॉम्प्युटर सुरू केला की छाती तपासावी तसा दादा त्याला कान लावत. मी बटण दाबलं, कान लावला. डिस्क मजेत फिरत होती. आत कोणी बोलत नव्हतं.