अर्ध्या भांडवलात बसणारं गाव

पैसे गुंतवून अमेरिकेचं ग्रीन कार्ड मिळतं, हे मला माझ्या भाऊजींनी नागपूरहून फोन करून सांगितलं. मी इथे अमेरिकेत, कॅरी शहरात राहत असून मला त्याचा पत्ता नव्हता. बहिणीने बहिणीसाठी अर्ज करायचा म्हटलं तर रांग एवढी लांब, की ताई येईपर्यंत आम्ही दोघी काठ्या टेकत भेटलो असतो. भाऊजींचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना चांगला चालत होता. तो विकायचा, इथे नवा काढायचा, दहा जणांना नोकरी द्यायची, की झालं. मी तर माझ्या घरापासून पाच मिनिटांवरचं एक अपार्टमेंटही हेरून ठेवलं.

वकिलाने पहिल्याच भेटीत हवा काढली. कॅरीसारख्या ठिकाणी कारखाना काढायचा तर पूर्ण दहा लाख डॉलर लागणार. निम्म्यात भागवायचं असेल तर जागा महानगराच्या हद्दीबाहेरची, लहान गावातली हवी, नाहीतर जिथे बेकारी देशाच्या सरासरीच्या दीडपट असेल अशी हवी. भाऊजींकडे सगळं विकूनही जेमतेम निम्मेच जमत होते. म्हणजे तसं गाव मिळालं तरच ताई येणार. दोघं व्हिजिटर व्हिसावर आली होती, तेवढ्या मुदतीत ते शोधायचं होतं.

पहिलं गाव मला फार आवडलं, कारण ते माझ्यापासून वीस मिनिटांवर होतं. तंबाखूची शेतं, ट्रॅक्टर, कुंपणाआड गाई. वकिलाला फोन केला तर म्हणाला, ही काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, महानगरात मोडते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो, इथे डोळ्यांसमोर गाई चरतायत, हे कसलं महानगर? पण हद्द गाई बघून आखत नाहीत, म्हणे. भाऊजी मात्र शांत होते. ‘आपल्याकडे शहरातच गाई जास्त असतात,’ ते म्हणाले. ‘त्याचं काही चुकत नाही.’

आम्ही जन्मभर ‘एरिया चांगला आहे ना?’ असं विचारत आलेली माणसं. नागपुरात घर घेताना ताईने एक वस्ती केवळ समोरचं दुकान बंद असतं म्हणून नापसंत केली होती. आता एरिया जितका पडेल तितकं आमचं बरं. भाऊजी गाडीतून बोट दाखवायचे, ‘हेही बंद!’ आणि खूश व्हायचे. ‘अहो, लोकांचा धंदा बसलाय आणि तुम्ही काय पेढे वाटणार आहात का?’ ताई त्यांना झापायची. ते ओशाळायचे. पुढच्या चौकात पुन्हा ‘हेही बंद’ म्हणायचेच, फक्त हळू आवाजात.

शेवटी दीड तासावरच्या एका गावात काउंटीच्या उद्योग खात्यातल्या बाईंनी आम्हाला वेळ दिला. गुंतवणूकदार येणार म्हणून त्यांनी ठेवणीतला सूट घातला होता. भरभराट दाखवली की आम्ही भुलू, असं त्यांना वाटत असावं. नवी बँक दाखवली, नवी शाळा दाखवली. ‘आमच्याकडे हाताला काम नाही असा माणूस सापडायचा नाही,’ त्या म्हणाल्या, आणि भाऊजींचा चेहरा उतरत गेला. मला काही राहवेना. मी सरळ सांगून टाकलं, ‘हे बघा, तुमच्याकडे बेकारी असेल तर आमचं काम सोपं होतं.’

बाई अशा हसत सुटल्या की डोळे पुसावे लागले. ‘मग आधी नाही का सांगायचं?’ म्हणत त्यांनी आम्हाला मोज्यांच्या बंद गिरणीत नेलं. शेड उत्तम होती. गाव लहान, हद्दीबाहेरचं, आणि बेकारीही हवी तेवढी. दोन्हीकडून बसत होतं. ‘माझी बहीण इथेच होती,’ बाई म्हणाल्या. ‘आता घरीच असते.’ या वेळी भाऊजी ‘बंद’ म्हणाले नाहीत.

निघताना बाईंनी विचारलं, ‘तुम्ही इथे राहाल, की फक्त पैसे इथे घालाल आणि राहाल शहरात?’ मी ‘कॅरीत’ म्हणणार, एवढ्यात ताई तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, ‘वी स्टे हिअर.’ मला न विचारता.

परतताना मी तोंड फुगवून गाडी चालवत होते. मग माझा बांध फुटलाच. ‘कुणासाठी केलं गं मी हे सगळं? माझ्याजवळ यायचं म्हणूनच ना?’

‘ज्यांना कामाला ठेवायचं, त्यांच्यात राहायला नको?’

‘तू लहानपणापासून अशीच. माझं सगळं तूच ठरवायचीस, माझे फ्रॉकसुद्धा.’

‘कारण तुला एक फ्रॉक निवडायला दिवस लागायचा.’

मागच्या सीटवर भाऊजींनी झोपेचं सोंग घेतलं. मी आवाज चढवला, तशी ताई हसायलाच लागली. ‘चालू दे तुझं,’ ती म्हणाली. ‘इतकी वर्षं फोनवर मिनिटाला एवढे पैसे जायचे, की तुझ्याशी भांडणं परवडायचंच नाही. इकडे सगळं बरं, तिकडे सगळं बरं, ठेवते. आता गाडी काढायची, दीड तासात यायचं आणि पोटभर भांडून जायचं.’

मला एकदम रडूच आलं. गाडी बाजूला घ्यावी लागली. किती वर्षांनी माझ्याशी कुणी असं हक्काने भांडलं होतं. ताईने पदराने माझं नाक पुसलं, मी गाडी सुरू केली, आणि आम्ही फ्रॉकवरून पुन्हा भांडायला लागलो.