गाठीची दृष्ट

सूक्ष्मदर्शकापुढं डोक्यावर पदर घेणारी बाई मी एकदाच पाहिली. एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. नगरच्या एका दवाखान्यात मी गाठींचे काप तपासायचो. श्रीगोंद्याकडच्या या बाईंच्या मानेतली गाठ काढली होती. धास्तीनं त्यांचं जेवण सुटलं होतं.

"कॅन्सर नाही, साधी गाठ आहे," मी सांगितलं.

"मग मला दावा की! माझीच हाय नव्हं?"

डोक्यावर पदर घेऊन त्यांनी भिंगाला डोळा लावला. रंगवलेल्या जांभळ्या पेशी बघून हरखल्याच.

"लई ग्वाड दिसत्यात! पन येवढ्या मोठ्या डोळ्यानं बघितल्यावर नजर न्हाई लागायची व्हय?"

आणि यंत्रावरून हात ओवाळून त्यांनी कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

मी पोट धरून हसलो. पण पुढं एखादी गाठ साधी निघाली, की आधी आमचे मोठे डॉक्टरसाहेब कुठं आहेत ते बघायचो आणि हळूच बोटं मोडायचो.